०.९ पुढे चांदणी नव्हती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जन्मतःच लघवीच्या वाटेत अडथळा असलेल्या मुलांची किडनी पुढे निकामी होणार का, हे आता संगणक आधीच सांगू शकेल, असा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. लेख चांगला होता. पण ‘आधीच’ म्हणजे किती आधी, आणि सांगणार ते नक्की कोणाला, हे दोन प्रश्न त्यात राहून गेले. या दोन प्रश्नांपायी आमच्या घराची चार वर्षे गेली आहेत, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबेल. कात्री तुमच्या हातात आहेच.

मी डॉक्टर नाही. पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर ३१ वर्षे काढली. टाकीची पातळी, पंपाचे प्रेशर, कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडला, हे दर तासाला लॉगबुकात लिहायचे, एवढेच माझे शिक्षण समजा. निवृत्त झालो त्याच वर्षी नातू झाला आणि लॉगबुक पुन्हा हातात आले. तो आता बारा वर्षांचा आहे.

सून गरोदर असताना आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या दोन्ही किडन्या सुजलेल्या आणि लघवीची पिशवी फुगलेली दिसली होती. पाणीही कमी होते. ‘मुलग्यांमध्ये दिसते कधी कधी, जन्मानंतर बघू’ असे सांगण्यात आले. जन्म झाला, वजन बरे होते, रडला मोठ्याने. तिसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरने लंगोट बदलता बदलता सहज विचारले, “बाळाची धार कशी पडते हो?” आम्ही एकमेकांकडे बघितले. धार कोणीच पाहिली नव्हती. लंगोट ओला व्हायचा, पण थेंबाथेंबाने. तिने पोटावर हात ठेवला आणि बेंबीखाली लिंबाएवढी कडक गाठ माझ्या सुनेच्या बोटांना दाखवली. ती गाठ म्हणजे लघवीची पिशवी होती. त्या बाईंचे उपकार फेडता येणार नाहीत. धार बघा, एवढे साधे वाक्य गरोदरपणातल्या त्या सोनोग्राफीच्या कागदावर कोणी लिहिले असते तर तीन दिवस वाचले असते.

आजाराचे नाव लांबलचक आहे, सगळे पीयूव्ही म्हणतात. मुलग्यांच्या मूत्रमार्गात मागच्या बाजूला एक पातळ पडदा, डॉक्टरांच्या भाषेत व्हॉल्व्ह, राहून जातो आणि लघवी अडते. साधारण चार ते आठ हजार मुलग्यांत एकाला असतो. ह्यू हॅम्प्टन यंग या अमेरिकन सर्जनने १९१९ साली त्याचे प्रकार पाडून लिहून ठेवले, म्हणजे वैद्यकाला हा आजार शंभराहून जास्त वर्षे नीट माहीत आहे. उपचारही ठरलेला. आधी नळी घालून पिशवी मोकळी करायची, बाळ सावरले की दुर्बिणीतून तो पडदा कापायचा. नातवाचा बाराव्या दिवशी कापला. ऑपरेशनला अर्धा तासही लागला नसेल. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, “व्हॉल्व्ह निघाला, वाट मोकळी झाली.”

आणि इथे माझ्यातल्या पंपवाल्याने घात केला. व्हॉल्व्ह, बॅक प्रेशर, मोकळी वाट, सगळे शब्द माझ्या ओळखीचे. तुंबलेली लाइन मोकळी केली की पाणी धावते आणि काम संपते, हे मी हजार वेळा पाहिलेले. घरच्यांना मीच समजावले की आता काळजी मिटली. लाइन आणि किडनी यांतला फरक मला फार उशिरा कळला. लाइन आधी तयार होते, मग तिच्यात पाणी सोडतात. किडनी मात्र लघवी तयार होत असतानाच घडत असते. तिच्यातल्या बारीक गाळण्या, नेफ्रॉन म्हणतात त्यांना, एका किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात, आणि त्या घडण्याचे काम गर्भाच्या ३६व्या आठवड्याच्या सुमारास बंद होते. पुढे आयुष्यात एकही नवी होत नाही. आमच्या बाळाच्या गाळण्या घडत होत्या त्या सगळ्या महिन्यांत खालून दाब येत होता. पडदा काढून पुढचा दाब गेला. जे घडलेच नाही, ते कुठून येणार?

आता आकड्याकडे येतो. रक्तातले क्रिएटिनिन वाढले की किडनी कमी गाळते आहे असे समजायचे. जन्मल्या दिवशी नातवाचे ०.८ आले. तो आकडा त्याचा नव्हताच, आईचा होता. पहिले एक-दोन दिवस बाळाच्या रक्तात आईचेच क्रिएटिनिन असते. चौथ्या दिवशी २.१. नळी घातल्यावर उतरत गेले. तिसऱ्या महिन्यात १.१ आणि दहाव्या महिन्यात ०.९. त्याखाली ते कधी गेले नाही.

दहाव्या महिन्याचा तो रिपोर्ट अजून माझ्याकडे आहे. डावीकडे ‘क्रिएटिनिन’, मध्ये ०.९, उजवीकडे नॉर्मल रेंज ०.६ ते १.२. आकडा रेंजच्या बाहेर गेला की त्या लॅबचे मशीन पुढे चांदणी छापायचे. ०.९ पुढे चांदणी नव्हती. आम्ही रिपोर्ट दाखवला, तिथल्या तरुण डॉक्टरांनी उजवीकडची रेंज पाहिली, म्हणाले, “छान आहे, नॉर्मल आहे. आता काही त्रास झाला तरच या.” आम्ही पाया पडायचे बाकी ठेवले.

०.६ ते १.२ ही मोठ्या माणसाची रेंज आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. माझ्यासारख्या सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात जेवढा स्नायू, त्याच्या हिशेबाने ती आखलेली. वर्षाच्या आतल्या बाळाचे क्रिएटिनिन ०.२ ते ०.४ च्या घरात असायला हवे. म्हणजे आमचे बाळ नॉर्मलच्या दुपटीहून वर होते, आणि कागद सांगत होता ‘सर्व ठीक’.

हे आम्हाला कळले तो पाच वर्षांचा झाल्यावर. तापाने फणफणला म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यात नेले आणि तिथून मुलांच्या किडनीच्या डॉक्टर बाईंकडे पाठवले. बाईंनी जुनी फाइल मागितली. एकेक कागद उलटत ०.९ वर थांबल्या. म्हणाल्या, “हा आकडा घेऊन तुम्ही चार वर्षं कुठं होतात?” मी म्हटले, “घरी होतो. नॉर्मल लिहिलंय ना त्यावर.” त्यांनी टेबलावरचा कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला आणि करायला लावले. मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये, गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. श्वार्ट्झचे सूत्र म्हणतात, २००९ साली सुधारून असे सुटसुटीत केले. त्या वेळची उंची लसीकरणाच्या कार्डावर होती, ७२. उत्तर आले ३३. “साधारण शंभराच्या आसपास हवं,” बाई म्हणाल्या. “तुमच्या नातवाची किडनी पहिल्या वाढदिवसाआधीपासून एक तृतीयांश आहे.”

एक गुणाकार आणि एक भागाकार. लॅबच्या मशीनला उंची माहीत नव्हती हे मान्य. पण वय माहीत होते, वय तर रिपोर्टच्या डोक्यावरच छापले होते: १० महिने.

त्या चार वर्षांत किडनी किती गेली असे कोणी विचारले तर प्रामाणिकपणे सांगतो, हिशेबाने फारशी नाही. पाचव्या वर्षी उंची १००, क्रिएटिनिन १.२, सूत्राने ३४ येतात. ३३ चे ३४. म्हणून लॅबने किडनी बुडवली असा आरोप मी करणार नाही. गेली ती उंची. रक्तातले बायकार्बोनेट १५ निघाले, ते २२ च्या वर असावे लागते. रक्त असे आंबट राहिले की हाडे वाढत नाहीत, आणि त्यावर औषध म्हणजे साधी सोड्याची गोळी. दाराच्या चौकटीवर आम्ही दर वाढदिवसाला पेन्सिलने रेघ मारतो. दुसऱ्या आणि पाचव्या वाढदिवसामधल्या रेघा एकमेकींना चिकटून आहेत. गोळी सुरू झाल्यावरची पहिली रेघ चांगली चार बोटे वर आहे. ती चौकट बघितली की मला त्या न छापलेल्या चांदणीची आठवण येते.

पहिल्या वर्षात क्रिएटिनिन ज्या सर्वांत खालच्या आकड्याला टेकते, त्याला हे डॉक्टर ‘नेडिर’ म्हणतात. आपल्या लेखातल्या संगणकाला जी माहिती भरवतात, तिच्यात सर्वांत वजनदार आकडा हाच असतो. जुना ठोकताळा असा की नेडिर १ च्या वर राहिले तर पुढे किडनी निकामी होण्याचा धोका मोठा, ०.८ च्या आत आले तर बराच कमी. अलीकडे ही सुरक्षित रेघ आणखी खाली ओढली जाते, ०.४ पर्यंत उतरलेल्या मुलांना धोका अगदीच थोडा. आमचे ०.९, म्हणजे नेमके धुक्यात. तरीही धुक्यात आहोत हे माहीत असणे आणि ऊन पडले आहे असे समजून चालणे, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

बाकीच्या खुणाही पहिल्या वर्षातच दिसून गेलेल्या असतात. सोनोग्राफीत किडनी यकृताहून पांढरी दिसते का, तिची साल आणि गाभा वेगवेगळे ओळखू येतात का, बारीक पाण्याच्या गाठी आहेत का, कामाचा भाग किती चौरस सेंटिमीटर आहे. नातवाच्या पहिल्याच रिपोर्टमध्ये ‘दोन्ही किडन्या पांढुरक्या, साल-गाभा फरक अस्पष्ट’ अशा अर्थाचे वाक्य आहे. ते आम्ही वाचले होते. अर्थ कोणी सांगितला नव्हता.

डाव्या बाजूची एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिने आम्हाला बरीच वर्षे खोटा धीर दिला. किडनीतून येणारी नळी पिशवीत तिरकी शिरते, त्यामुळे पिशवी भरली की तिचे तोंड आपोआप मिटते. आमच्या भाषेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. नातवाचा डावीकडचा हा व्हॉल्व्ह लागतच नव्हता, लघवी उलटी वर चढायची. डावी किडनी स्कॅनमध्ये १२ टक्के काम करताना दिसली. त्यावर एकाने समजूत घातली की डावीने सगळा दाब स्वतःवर घेतला, म्हणून उजवी वाचली, सेफ्टी व्हॉल्व्हच म्हणा. मला हे इतके पटले की विचारू नका. १९८०च्या दशकात डॉक्टरांनाही पटले होते. पुढे अशा मुलांना वर्षानुवर्षे पाहिल्यावर दिसले की ‘वाचलेली’ किडनीही पुष्कळदा व्रण घेऊनच असते, आणि या सेफ्टी व्हॉल्व्हवर भरवसा ठेवता येत नाही. उपमा चांगली जुळली म्हणजे गोष्ट खरी असते असे नाही, हे मी या वयात शिकलो.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही आणि घरात ज्याने सर्वांत जास्त छळले, ते म्हणजे लघवीची पिशवी. गर्भात महिनोन्महिने बंद दारावर जोर लावून तिचे स्नायू जाडजूड होतात. दार उघडले तरी ती पहिल्यासारखी वागत नाही. आधी चिडकी, उच्च दाबाची. वय वाढेल तशी सैल, पूर्ण रिकामी न होणारी. त्यात किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ती पातळ आणि भरमसाट होते. नातू सात वर्षांचा झाला तरी अंथरूण ओले करायचा. लोकांनी आळशी ठरवले. मीही एकदा ओरडलो आहे, ते आता गिळता येत नाही.

बाईंनी सांगितले, तीन दिवस मोजा. प्लास्टिकचा एक लिटरचा मापाचा जग आणला, त्यावरच्या रेघा पुसट होत्या म्हणून मार्करने गडद केल्या. वही घातली. वेळ, माप, लंगोट ओला असल्यास त्याचे वजन. चोवीस तासांचे अडीच ते पावणेतीन लिटर भरायचे. मी अंगणवाडीच्या वयाच्या पोराएवढा जेमतेम दिसणारा मुलगा बघायचो आणि जगाकडे बघायचो. माझीसुद्धा एवढी होत नाही.

नऊ वर्षे पूर्ण झाल्यावरचा हिशेब सांगतो. मुलाच्या पिशवीची क्षमता काढायची तर वयात दोन मिळवून तीसने गुणतात. नऊ अधिक दोन अकरा, अकरा तिस तीनशे तीस मिलिलिटर. रात्रीच्या आठ तासांत तयार होत होती ११०० ते १२००. म्हणजे तीनशे तीसच्या टाकीत एका रात्रीत साडेतीन टाक्या पाणी, आणि आउटलेट झोपलेले. मग पाणी वर किडनीत तुंबणार नाही तर काय? पडदा कापून नऊ वर्षे झाली होती आणि बॅक प्रेशर रोज रात्री परत येत होते. हे गणित घातले तेव्हा मी उठून अंगणात जाऊन उभा राहिलो.

उपाय नळीचाच. दिवसातून ठरलेल्या वेळी स्वच्छ नळी घालून पिशवी रिकामी करायची, ही पद्धत जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये मांडली, निर्जंतुक नाही तरी स्वच्छ नळी पुरते हे त्यांनी दाखवले. पण संवेदना शाबूत असलेल्या मुलाला मूत्रमार्गातून रोज नळी सहन होत नाही. नातवाच्या अपेंडिक्सची वाट करून ती पिशवीपासून बेंबीत आणली आहे. मित्रोफानॉफ या फ्रेंच सर्जनची ही युक्ती, १९८० ची. रात्री झोपताना तो स्वतः बेंबीतून नळी सरकवतो, चिकटपट्टी लावतो, पलंगाच्या दांडीला लघवी गोळा होणारी पिशवी अडकवतो. सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, “आजोबा, आज किती?” मी पिशवी उजेडात धरून सांगतो, “अकराशे चाळीस.” तो जाऊन लिहितो. तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली तर उजव्या किडनीची सूज निम्म्यावर आली होती. संगणकाला दहा महिन्यांच्या वयात विचारले असते तर ही बेंबीतली वाट त्याच्या हिशेबात असती का?

म्हणून माझा लेखावरचा आक्षेप असा की भाकीत हे एकदाच काढून फाइलला लावायचा दाखला नव्हे. यंत्राने ७० टक्के धोका सांगितला, तर मी पहिला प्रश्न विचारीन, कधीपर्यंत? एका वर्षात, पाच वर्षांत, की वीसाव्या वर्षापर्यंत? मुदत नसलेले भाकीत म्हणजे ‘पाऊस पडेल’ म्हणण्यासारखे. दुसरे, कोणत्या मुलांवरून शिकून सांगतो? मोठ्या रुग्णालयात पोचतात ती जास्त आजारी मुले. त्यांच्यावर घडवलेले यंत्र सौम्य आजाराच्या मुलाला विनाकारण घाबरवेल. आणि तिसरे, पीयूव्ही असलेल्या मुलांपैकी पाचांतला एक ते तिघांतला एक मोठा होईपर्यंत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणापर्यंत पोचतो, असे ढोबळ प्रमाण सांगतात. आमच्या घरी एकच मूल आहे. त्याच्या एक तृतीयांशाला डायलिसिस लागणार नाही. यंत्र शंभर मुलांचे सांगते, ते चूक नाही, पण आईबापाला ऐकू येते ते एकाचेच.

यंत्राविरुद्ध माझे काही नाही, पंपहाऊसवर मीटर आले तेव्हा मीच सर्वांत खूश होतो. मीटरचा उपयोग कशाला, तर वाचून कोणीतरी व्हॉल्व्ह फिरवावा म्हणून. गाळण्यांची संख्या फिरवता येत नाही. पण रक्तदाब येतो, जंतुसंसर्ग येतो, लघवीतून जाणारे प्रोटीन येते, पिशवीतला दाब येतो. युरोपात ‘एस्केप’ नावाची चाचणी झाली, २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. किडनीचा जुना आजार असलेली ३८५ मुले. सगळ्यांना रामिप्रिल हेच रक्तदाबाचे औषध, मात्र निम्म्यांचा रक्तदाब नेहमीपेक्षा कडक मर्यादेत ठेवला. पाच वर्षांत किडनीचे काम निम्म्यावर येणे किंवा ती निकामीच होणे, हे नेहमीच्या गटात सुमारे ४२ टक्के मुलांत घडले, कडक गटात ३० टक्के. हे वाचल्यापासून आमच्या घरी रक्तदाबाचे मशीन आहे आणि लहान मुलाच्या दंडाचा पट्टा वेगळा घेतला आहे. मोठ्यांचा पट्टा लावला तर रक्तदाब खोटाच कमी दाखवतो. इथेही मोठ्यांचे माप मुलाला.

जाता जाता मिठाविषयी. किडनी म्हटले की येणारा-जाणारा सांगतो, मीठ बंद करा, पाणी कमी द्या. मोठ्यांच्या पुष्कळ आजारांत ते बरोबर असेल. या मुलांच्या किडनीतून मात्र मीठ आणि पाणी दोन्ही गळत असते, तोडले तर मूल सुकते, उंची खुंटते. बाळ असताना नातवाला वरून मीठ द्यायला सांगितले होते. आपापल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाहुण्यांचे ऐकू नका.

सुनेचे एक ओझे होते. गर्भातच नळी घातली असती तर? ते तिने दहा वर्षे मनात ठेवले आणि एकदा रात्री पिशवी अडकवताना बोलली. मी शोधून वाचले. ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये ‘प्लूटो’ नावाची चाचणी झाली होती, २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. दीडशे गरोदर स्त्रिया हव्या होत्या, मिळाल्या ३१. नळी घातलेली बाळे जगण्याची शक्यता थोडी जास्त दिसली, पण दोन वर्षांनी किडनी पूर्ण ठीक असलेली मुले सगळी मिळून दोन. मी तिला तो परिच्छेद वाचून दाखवला. ती म्हणाली, “बाबा, परत वाचा.” परत वाचला.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. बाळाचे वय रिपोर्टवर छापता, तर रेंजही त्याच वयाची छापा. हे करायला कुठलाही नवा शोध लागायचा राहिलेला नाही, मशीनमध्ये एक तक्ता भरायचा आहे. आणि व्हॉल्व्ह कापलेल्या प्रत्येक मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर एक रिकामी चौकट ठेवा, ‘पहिल्या वर्षातले सर्वांत कमी क्रिएटिनिन’. वर्ष पूर्ण झाले की कोणीतरी ती पेनाने भरेल, आणि चौकट रिकामी दिसली तर पुढचा डॉक्टर विचारील. त्याखाली पुढच्या तपासणीची तारीख. ‘त्रास झाला तर या’ हे वाक्य या मुलांच्या कार्डावर कधीच नसावे, कारण या आजारात त्रास सर्वांत शेवटी होतो. आपल्या पुरवणीला जमले तर मुलांच्या क्रिएटिनिनचा वयवार तक्ता एकदा छापावा. कापून ठेवणारे बरेच निघतील.

नातवाचे आजचे सांगतो. नवव्या वर्षी उंची ११८, क्रिएटिनिन १.४, सूत्राने ३५. दहा महिन्यांच्या ०.९ पेक्षा आकडा वाढला म्हणून सून रडत होती. मी कॅल्क्युलेटर काढला आणि दाखवले की मूल वाढले, स्नायू वाढला, किडनी तिथेच आहे. आता मात्र तसे नाही. गेल्या महिन्यात उंची १३२, क्रिएटिनिन २.२. उत्तर २५. वयात येताना शरीर वाढते आणि किडनी पुरी पडत नाही, हे बाईंनी तीन वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते. या वेळी कोणी दचकले नाही. प्रत्यारोपणाची माहिती घेणे सुरू आहे, माझ्या मुलाच्या तपासण्या झाल्या आहेत, माझे वय आडवे आले.

त्या दिवशी नातू खुर्चीत बसून सगळे ऐकत होता. बाईंनी सांगितले, बहुधा पुढच्या पाच-सहा वर्षांत नवी किडनी लागेल. त्याने विचारले, “शाळा संपायच्या आधी की नंतर?” बाई थोडा वेळ फाइल चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “प्रयत्न नंतरचा आहे. तुझी वही दाखव बघू.” त्याने दप्तरातून वही काढली.

आपला,
एक वाचक, निवृत्त पंपचालक